पाणीपाळीचा रूट मीच हलवला होता

आमच्या पाणी वापर संस्थेत आजही एक गोष्ट सांगितली जाते. एका पोरीनं सर्व्हरवरचे सगळे रूट उचलून क्लासांमध्ये कोंबले, आणि त्या घोळात शेवटच्या गावाचं पाणी गेलं. गोंदियात पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवणारा एक मास्तर ती मुलांना धडा म्हणून सांगतो, असंही कानावर आलं. जास्त शहाणपण करू नका, सरळ एका फाइलीत लिहा, असा त्याचा धडा.

ती गोष्ट खोटी आहे. पाणी गेलं ते खरं. क्लास केले ते खरं. पण पाणी क्लासांमुळे गेलं नाही आणि तिच्यामुळेही गेलं नाही. कोणामुळे गेलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

चोरखमाऱ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक जुना तलाव आहे. त्याचा पाट चार-पाच गावांतून खाली जातो. वरच्या गावात मोठ्या बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांचे, शेतकरी, ज्यांचे पूर्वज माळव्यातून आले. शेवटच्या गावात लहान लहान बांध्या, आणि निम्मी घरं बौद्धांची. पाऊस असेपर्यंत कोणी कोणाकडे पाहत नाही. आश्विनात पाऊस ओसरतो आणि धान निसवायला लागतो, तेव्हा लोंबी भरायला पाणी लागतंच. मग पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. एक गाव झालं की दुसरं, आणि गावात एकेक शेतकरी.

या पाळीला एक जुनी सवलत आहे, उसनी पाळी. दोघं जण पाटाचं गेट सांभाळणाऱ्या पाटकऱ्यासमोर उभे राहायचे. एक म्हणायचा, माझी आज तू घे. दुसरा म्हणायचा, पुढची तुले देतो. पाटकरी मान डोलवायचा आणि गेट तसं फिरवायचा. कागद नाही, सही नाही. पण दोघं समोर असलेच पाहिजेत आणि पाटकरी मध्ये असलाच पाहिजे. इतकी वर्षं त्यावर भांडण झालं नव्हतं.

स्मार्टफोन गावांत पोचले तेव्हा संस्थेनं पाटकऱ्यांना फोन दिले आणि पाळीचं काम ॲपवर आणलं. जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी भंडाऱ्याहून गोंदियाला आलो होतो, तेव्हापासून संस्थेचा संगणक विभाग म्हणजे मीच. निवृत्तीचं वय उलटल्यावरही मला मुदतवाढ मिळाली होती, ती या ॲपसाठी. फोनमधलं ॲप सर्व्हरशी बोलतं ते ठरलेल्या पत्त्यांवर. पाळीची यादी मागायची तर एक पत्ता, पाळी बदलायची तर दुसरा, गेट उघडल्याचं कळवायचं तर तिसरा. या पत्त्यांनाच रूट म्हणतात. म्हातारपणी पायथॉन शिकून ते सगळे मीच लिहिले होते, एका लांबलचक फाइलीत, एकाखाली एक फंक्शन, म्हणजे एकेका कामाच्या सूचनांचा तुकडा. पत्ता फंक्शनच्या डोक्यावर, आणि आत पहिल्या ओळींत तपासणी. विचारणारा कोण? पाटकरी आहे का? नसेल तर परत पाठव. हे प्रत्येक फंक्शनमध्ये मी हातानं लिहिलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ती आली. नागपूरला शिकलेली, शेवटच्या गावातली, कंत्राटावर. पहिल्या दिवशी तिनं मला काकाजी म्हटलं. माझा चेहरा तिनं वाचला असावा. दुसऱ्या दिवसापासून सर.

तिनं माझी फाइल वाचली आणि काही दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. एकच तपासणी इतक्या ठिकाणी लिहिलेली आहे, म्हणाली, आणि दोन फंक्शनांत ती राहून गेली आहे. तिनं पडद्यावर दोन्ही दाखवली. खरंच राहिली होती. मी म्हटलं, हो, ते करायचंच होतं. करायचं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

तिनं सगळे रूट कामाप्रमाणे वेगळे केले. कोणालाही नुसतं पाहता येईल ते सगळं एका क्लासमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या एका गटात. पाळीत बदल करणारं दुसऱ्या क्लासमध्ये. गेटचं तिसऱ्यात. क्लासच्या माथ्यावर एकदाच लिहायचं, इथले सगळे पत्ते कशानं सुरू होतात आणि इथं कोणाला प्रवेश आहे. आतल्या फंक्शनांनी फक्त आपलं काम करायचं. नवं फंक्शन त्या क्लासमध्ये ठेवलं की तिथला नियम त्याला आपोआप लागू. विसरायची सोयच उरत नाही.

काम चोख होतं. आज मी ते बिनदिक्कत म्हणतो. तेव्हा मी खुर्ची तिच्याकडे वळवून बसलो होतो आणि तिच्या मागच्या खिडकीतून रस्ता पाहत होतो. तरी तिचं एक वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

"सर, तपासणी आता फंक्शनच्या आत नाही, क्लासच्या माथ्यावर आहे. कोणी फंक्शन एकटं उचलून दुसरीकडे नेलं, तर ती संगं जात नाही. एवढं ध्यानात ठेवा."

मी म्हटलं, समजलं समजलं.

त्या आश्विनात पाऊस लवकर थांबला. दसऱ्याला ती आई-बापाला घेऊन दीक्षाभूमीला गेली. शेवटचं गाव त्या दिवसांत अर्धंअधिक नागपूरलाच असतं, आणि उरलेले दसऱ्याच्या गडबडीत. आपली पाळी अजून यायची आहे, हे जाणारे यादीत पाहूनच निघाले होते.

दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. ते वरच्या गावचे, बोलणं अर्धं हिंदी. पाटकऱ्याचा फोन तलावात पडला, म्हणाले. दुसऱ्याचा फोन घेऊन उभा आहे, त्यात फक्त यादीचं पान उघडतं. गावातलेच दोघं पाळी बदलायला खोळंबले आहेत. यादीच्या पानावरूनच बदलता येईल असं काही करा.

मी म्हणू शकलो असतो की ती परत येईपर्यंत थांबा, किंवा दोघांची नावं सांगा, मी इथून बदलतो. पण अध्यक्ष पुढे म्हणाले, "का बाबूजी, पोरगी नसली तं तुमचं काम बंद?" आणि हसले.

माझ्या मशीनवरून सर्व्हरवर जाता येत नव्हतं, नवी मांडणी तिच्या मशीनवर होती. आमच्याकडे पासवर्ड लपवायची रीत नव्हती, तिचं मशीन उघडंच होतं. मी तिच्या खुर्चीत बसलो. पाळी बदलायचं फंक्शन बदलाच्या क्लासमधून कापलं आणि यादीच्या क्लासमध्ये चिकटवलं. यादीच्या पानावर एक बटण दिलं. हे फंक्शन मी स्वतः लिहिलेलं होतं, त्यात तपासणी मी स्वतः घातली होती. पाटकरी उसन्या फोनवर आपला नंबर आणि पासवर्ड टाकेल, तपासणी त्याला ओळखेल, असा माझा हिशेब. माझ्या फोनवर करून पाहिलं, झालं. मला काही विचारलं गेलं नाही, पण माझा फोन कार्यालयाचा म्हणून ओळखीचाच होता. अनोळखी माणूस होऊन मी एकदाही पाहिलं नाही.

तपासणी तिनं वर नेली होती. मी आणलं ते फंक्शन उघडं होतं, आणि ज्या क्लासमध्ये ठेवलं त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, प्रवेश सर्वांना.

वरच्या गावात दसऱ्याला लोक एकमेकांकडे सोनं द्यायला गेले आणि बटणाची बातमीही घरोघर गेली. त्यांना मी चोर म्हणणार नाही. उसनी घेऊन राहिलो, पुढे देऊन टाकू, असंच ते म्हणत होते. त्यांच्या बांध्याही सुकत होत्या. फक्त ज्याची उसनी घ्यायची तो समोर नव्हता आणि पाटकरी मध्ये नव्हता. शेवटच्या गावाची पाळी वरच्या गावात वाटली गेली. पाटकऱ्यानं यादी पाहिली. त्याच्यासाठी यादी म्हणजे हुकूम. त्यानं खालचं गेट बंदच ठेवलं.

नागपूरहून लोक परतले तेव्हा पाटाच्या तळाला भेगा पडायला लागल्या होत्या. वरचे धान हिरवे उभे आणि खालच्यांच्या लोंब्या पांढऱ्या, हातात घेतल्या तर पोचट. लोकांनी पाटकऱ्याला तलावाच्या बांधावर, पारीवर, घेरलं आणि तो रडकुंडीला येऊन फोन दाखवत राहिला. हे मला अध्यक्षांनी सकाळीच फोनवर सांगितलं. त्यांच्या आवाजात हिंदी जास्त होती. घाबरले की त्यांचं असं व्हायचं.

मी धावत कार्यालयात गेलो. तिच्या मशीनवर ते फंक्शन उघडलं. पहिल्या ओळींत तपासणी असायला हवी होती, तिथं सरळ पाळी बदलण्याचं काम सुरू होत होतं. खिडकीपाशी सांगितलेलं वाक्य तेव्हा मला कळलं.

मी फंक्शन उचलून परत जागेवर ठेवलं. बटण काढलं.

ती गावाहून थेट आली, चपलांना पारीवरची माती. बसली आणि शोधू लागली. मी माझ्या टेबलाशी उगाच जुनी टिपणं चाळत राहिलो. तिला सगळं नीट दिसलं. जागेवर आहे. मग तिनं बदलांची नोंद काढली. एकदा हलवलं, एकदा परत ठेवलं, आणि दोन्हींवर तिचंच नाव, कारण मशीन तिचं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

संस्थेच्या हॉलमध्ये सभा झाली. एका भिंतीला वरचं गाव, दुसऱ्या भिंतीला खालचं. खालच्यांच्या रांगेत तिचा बाप, पांढरा सदरा, हात मांडीवर. आत जाण्याआधी अध्यक्षांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं.

"बाबूजी, चूप राहा. फोन मी केला, हात तुम्ही लावला, दोघंही जाऊ. पोरगी जवान आहे, तिला कुठंही नौकरी भेटते. तुमाले या उमरमध्ये कोण ठेवते?"

मी मान हलवली नाही. नाहीही म्हटलं नाही.

सभेत वरच्या गावचा एक जण म्हणाला, पहिले कसं सरळ चालू होतं, हे क्लास-बिलास कोणी सांगतले होते करायले? दुसरा म्हणाला, शिकून आली आन् आपल्याच गावाचं पाणी पाजलं दुसऱ्याले. त्यावर काही जण हसले. खालच्यांपैकीही एक हसला, ते मला जास्त लागलं.

ती उभी राहिली. "मशीन माझी आहे. बदल माझा नाही. मी नागपूरले होती, आई-बाबा संगं होते."

"नागपूरवरूनबी करता येते न?" मागून कोणी तरी म्हणालं. "तूच सांगत होती, कोठूनबी चालते म्हून."

हे तिनं खरंच सांगितलं होतं, नवी मांडणी सुरू झाली तेव्हा, याच हॉलमध्ये, कौतुकानं. सगळे माझ्याकडे वळले, कारण विभाग माझा. तिचा बापही वळला. तो तर विश्वासानं पाहत होता. म्हातारा माणूस, खरं सांगेल.

मी म्हटलं, "तपासावं लागेल."

बस्स. एवढंच बोललो. त्या दोन शब्दांनी काम झालं. तपासणाऱ्यानंच असं म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

जिन्यात तिनं मला गाठलं. आवाज चढवला नाही.

"काकाजी, तुमीच केलं न?"

"कशावरून म्हणतेस?" मी विचारलं.

ती खाली उतरून गेली. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

ती गेल्यावर मी तिचे क्लास मोडले आणि सगळे रूट पुन्हा एका फाइलीत आणले. समितीला सांगितलं, आता सुरक्षित आहे. समितीनं माझं अभिनंदन केलं. तिनं दाखवलेल्या त्या दोन उघड्या फंक्शनांत तपासणी घालायची मात्र राहूनच गेली, कारण मी जुनी फाइल जशीच्या तशी परत ठेवली होती. एक मुलगी घालवून मी संस्थेला तिनं बसवलेल्यापेक्षा वाईट दार बसवून दिलं.

इथवर मी स्वतःला सांगत होतो की सभेत माझ्यावर दडपण होतं. पुढचं सांगितलं की तेही उरत नाही.

नागपूरच्या एका कंपनीतून मला फोन आला. तिनं अर्ज केला होता, आणि आधीच्या कामाबद्दल विचारायला नाव दिलं होतं माझं. का दिलं, हे मला आजवर सुटलेलं नाही. दुसरं कोणी नव्हतं म्हणून, की मी या वेळी तरी नीट बोलेन म्हणून. मी घरी होतो. अध्यक्ष समोर नव्हते, दोन्ही भिंतींना गावं नव्हती. पलीकडची बाई अगदी नम्रपणे विचारत होती. मी म्हणालो, हुशार आहे, मेहनती आहे. ती म्हणाली, आणखी काही? मी म्हणालो, एकदा एक मोठी चूक झाली होती, पण ते जाऊ द्या.

ते जाऊ द्या म्हणालो. ती नोकरी तिला मिळाली नाही.

वर्षं गेली. ती हैदराबादला कुठं तरी लागली, चांगली लागली, असं कळलं तेव्हा मी मोकळा श्वास घेतला, जणू माझं कर्ज दुसऱ्या कोणी फेडलं. मग एकदा बाजारात तो पाटकरी भेटला. आता तो पाटकरी नव्हता. बोलता बोलता त्यानं तिच्या बापाचं सांगितलं. म्हातारा पाळीच्या बैठकीला येत नाही. पारीवर लोक जमले की दुसऱ्या वाटेनं जातो. पोरं त्याला पाणी विकणारीचा बाप म्हणतात. पोरगी चल म्हणते हैदराबादला, पण जात नाही. गेलो तर खरंच वाटेल लोकाईले, म्हणतो.

मला वाटत होतं, मी एका मुलीची नोकरी घेतली आणि ती तिला परत मिळाली. गावात बसलेला माणूस मी हिशेबात धरलाच नव्हता.

तिचा नंबर मी त्याच्याकडूनच घेतला. फोन लावला, नाव सांगितलं. मी सगळं सांगितलं, कापलं, चिकटवलं, परत ठेवलं, नागपूरच्या बाईला काय म्हटलं तेही. सांगून झाल्यावर माफी मागू लागलो, तर तिनं थांबवलं.

"मले माहीत होतं. मले सांगून काय फायदा?"

मी म्हटलं, संस्थेला लिहून देतो, सहीनिशी.

"संस्थेत कोण वाचते? ते फाइलीत जाईल. माझ्या गावात जा आन् तोंडानं सांगा. बाबा समोर पाहिजे." मग जरा थांबून म्हणाली, "आन् क्लासचंही सांगा. ते बरोबर होते म्हून सांगा."

मी गेलो. विहाराच्या अंगणात दहा-पंधरा जण जमले असतील, बाया जास्त. तिचा बाप आधी येत नव्हता. कोणी तरी त्याला हाताला धरून आणलं. मी उभ्यानं सांगितलं. रूट म्हणजे काय हे सांगताना अडखळलो, मग म्हटलं, तुमच्या पोरीनं तपासणी पाटाच्या तोंडाशी बसवली होती, म्हणजे आतल्या एकेका बांधीवर राखण करायला नको. मी एक बांधी उचलून राखण नसलेल्या पाटावर नेऊन ठेवली. ती बरोबर होती, मी चुकलो. मग तिच्या मशीनवर बसून ती चूक झाकली, आणि सभेत गप्प राहिलो.

एका बाईनं विचारलं, "तवा काऊन नाही बोलले जी?"

"भेलो," मी म्हटलं. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

एक तरुण पुढे आला, आमचा धान भरून द्या म्हणाला. दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. मला वाटलं, आता तिचा बाप काही बोलेल. शिवी देईल, रडेल, निदान उठून जाईल. तो ओट्यावर बसून होता. तिथूनच त्यानं विचारलं, वरच्या गावात सांगतलं का?

नाही, मी म्हटलं.

"मंग इथं सांगून काय? इथल्यांनी तं ऐकलेलं सांगतलं. पहिले बोलले ते वरचे." तो उठला, टोपी डोक्यावर ठेवली. "अध्यक्ष घरीच राहते आता, पाय गेले त्याचे. पण कान आहेत."

मी म्हटलं, उद्या जातो. आता उन्हं उतरली, बस मिळायची नाही.

"बस कायले पाहिजे? पाटापाटानं गेलं का आलं गाव." त्यानं पायात चपला सरकवल्या. "चला, मी येतो संगं. तुमच्यावर सोडलं तं अर्ध्या वाटेवरून वापस जाल."

तो पुढे झाला आणि मी मागं. वर जाईपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही, पण माझे पाय मंदावले की त्याचेही मंदावत. अध्यक्षांचं दार उघडंच होतं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्याबरोबर कोण आहे ते पाहिलं, आणि सुनेला हाक मारून दोन खुर्च्या आणायला सांगितल्या. तिचा बाप बसला नाही. तो दारातच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बोला."